ड्रमलाऱ्याची शेवटची प्रोटेस्टंट

उत्तर आयर्लंडातल्या आमच्या ड्रमलारा गावात एकच प्रोटेस्टंट उरली होती, आणि तिला शिंक आली तरी अख्ख्या कॅथलिक गावाच्या पोटात गोळा यायचा. याला प्रेम म्हणायचं असेल तर तुम्ही म्हणा. मी म्हणणार नाही.

झालं होतं असं, की ड्रमलाऱ्याला फुटबॉलच्या पोरांसाठी गरम पाण्याचे शॉवर हवे होते. आमचा फुटबॉल गेलिक, खास आयरिश, म्हणजे खेळणारे कॅथलिक, बघणारे कॅथलिक आणि पंचाला शिव्या देणारेही कॅथलिक. असल्या शॉवरना कुणी दमडी देईना. मग युजीन मॅकॅफ्रीच्या कानावर आलं, की युरोपातून शांततेसाठी निधी येतोय. युजीन आमच्या शाळेचा निवृत्त हेडमास्तर. गावात कुठलीही समिती निघो, अध्यक्ष तोच. त्यानं बसल्या जागी शॉवरचं बारसं करून टाकलं. आता ते ‘ड्रमलारा सलोखा केंद्र’ झालं. मागच्या बाजूला शॉवर, पुढच्या बाजूला सलोखा.

निधीची अट साधी होती. सप्टेंबरात बेलफास्टहून किर्स्टी नावाच्या मॅडम गावात येणार, पॅरिश हॉलमध्ये कार्यक्रम होणार, आणि दोन्ही समाजांच्या एकेका माणसानं स्टेजवर येऊन आपल्या लोकांच्या वतीनं चार शब्द बोलायचे. मॅडमचं समाधान झालं की पैसे. कॅथलिक आमच्याकडे ढिगानं पडलेत. प्रोटेस्टंट म्हणजे ऐंशी ओलांडलेल्या मिसेस म्युरिएल ग्रॅहम, मेन स्ट्रीटच्या टोकाच्या दुमजली घरात एकट्या राहणाऱ्या. बाकीची त्यांची घरं केव्हाच गेली होती.

‘गेली’ हा शब्द इथे फार जपून वापरतात. कुणी घालवली, का गेली, असलं पुढे काही येत नाही. नुसती गेली.

मी डिम्फ्ना. मेन स्ट्रीटवर केस कापायचं दुकान आहे ते माझं. मी मूळची डोनेगॉलची. लग्न करून इथे आले त्याला वीस वर्षं झाली, म्हणजे इथल्या हिशोबानं काल संध्याकाळच्या बसनं उतरले. समितीवर मला घेतलं ते काही माझी अक्कल बघून नव्हे. मिसेस ग्रॅहम दर शुक्रवारी माझ्याकडे केस सेट करून घेतात, म्हणून घेतलं. त्यांची तब्येत कशी आहे, खोकला कोरडा की ओला, हे समितीला कळवणं माझ्याकडे होतं.

तर त्या उन्हाळ्यात मिसेस ग्रॅहमचे लाड सुरू झाले. कुंपण कुणी कापलं त्यांना कळलं नाही. कोळशाची पोती आली, सोललेले बटाटे आले. ज्या बायका वर्षानुवर्षं नुसती मान हलवून पुढे जायच्या, त्या आता रस्ता ओलांडून येऊन त्यांचा हात धरायच्या. बारा जुलैला, म्हणजे प्रोटेस्टंटांच्या ऑरेंज मिरवणुकीच्या, ढोलांच्या दिवशी, आमचा युजीन स्वतः त्यांच्या दारात जाऊन शुभेच्छा देऊन आला. त्याचा बाप त्या ढोलांचा आवाज ऐकू येऊ नये म्हणून कानात लोकर कोंबायचा. फादर डोलननी तर रविवारच्या मिस्सामध्ये ‘आपल्या एका वयस्क शेजारणीच्या प्रकृतीसाठी’ प्रार्थना सांगितली. पाखंडी बाईसाठी आमच्या वेदीवरून झालेली ती पहिलीच प्रार्थना असावी, आणि मी सांगते, इतकी मनापासून झालेली प्रार्थना मी त्या चॅपलमध्ये दुसरी ऐकलेली नाही.

“डिम्फ्ना,” एका शुक्रवारी त्या आरशातून माझ्याकडे बघत म्हणाल्या, “काल माझ्या दारात तीन ॲपल टार्ट आले. डॉक्टर तुमच्यापाशी काही बोललाय का? मी जाणार आहे का?”

“नाही हो. तुम्ही जाऊ नये म्हणून आलेत ते.”

“कधीपर्यंत?”

“सप्टेंबरपर्यंत तरी.”

त्या हसल्या. “आमच्या रेव्हरंडना इतकी काळजी असती तर बरं झालं असतं. त्यांच्याकडे चार चर्च आहेत आणि प्रवचन एकच. महिन्यातून एकदा येतात, समोर मी एकटी बसलेली असते, तरी ‘प्रिय बंधुभगिनींनो’ म्हणतात. परवा म्हणाले, छपराचं काय करायचं, विकून टाकू या का, कुणीतरी सुट्टीचं घर करेल.”

“आणि तुमची बहीण काय म्हणते?”

“आयव्ही? ती तिकडे आपल्या लोकांत राहते. मी ‘त्यांच्यात’ राहते म्हणून ती मला नाताळचं कार्ड पाठवत नाही. आमच्यातल्या शेवटच्या माणसानं इथली जमीन विकली तेव्हा कॅथलिकानं जास्त देऊ केले होते. त्यानं कमी घेतले आणि लार्नच्या एका माणसाला दिली, ज्यानं ती आजवर पाहिलेली नाही. तिथं नुसती झुडपं वाढलीत. पण प्रोटेस्टंट झुडपं आहेत ती.”

अशा होत्या त्या. नवऱ्याबद्दल मात्र कधी बोलल्या नव्हत्या. मला जे माहीत होतं ते गावाकडून. वेस्ली ग्रॅहमचं हार्डवेअरचं दुकान होतं, आणि रात्री तो ब्रिटिश सरकारच्या पलटणीचा गणवेश घालायचा. दिवसा ज्याला खिळे विकायचा, त्यालाच रात्री रस्त्यात अडवून नाव विचारायचा, जसं काही त्याला ते माहीतच नाही. लोकांना राग होता आणि तो उगीच नव्हता. त्र्याहत्तर साली आमच्या बाजूच्यांनी त्याला त्याच्या घराच्या फाटकाशी गोळ्या घातल्या. पाहिलं कुणीच नाही. हे मला लग्न होऊन आल्या आल्या सांगितलं गेलं, कचऱ्याची गाडी कुठल्या वारी येते त्याच्या जोडीनं. मी समजून चालले की अंधारात झालं असणार, मागच्या गल्लीत. नाहीतर एवढ्याशा गावात कुणीच पाहिलं नाही असं कसं होईल?

ऑगस्टात समितीची बैठक भरली, हॉलमध्ये लावायच्या इतिहासाच्या फलकासाठी. मिसेस ग्रॅहमनाही मानानं बोलावलं होतं. आता, आमच्या लोकांचा एक स्वभाव आहे तो सांगून ठेवते. ड्रमलाऱ्याचा माणूस अपमान गिळेल, मार खाईल, कर्ज बुडालं तर सोडून देईल, पण समोरच्यानं जुन्या गोष्टीतला एक तपशील चुकवला तर त्याला रात्री झोप लागणार नाही. दीडशे वर्षांपूर्वी जमीनदाराची गिरणी जळाली, ती सोमवारी की शनिवारी, यावर दोन बैठका गेल्या. आग लावून पळालेल्याचा घोडा करडा होता की पांढरा, यावर बार्नी फ्लॅनगननं राजीनामा दिला आणि चहाच्या वेळी मागे घेतला. हा बार्नी वर्तमानपत्रं विकतो, म्हणून जगात जे घडतं ते आपल्यालाच आधी कळतं असं त्याला वाटतं.

अखेर फलक तयार झाला आणि युजीननं तो वाचून दाखवला. भिक्षू, मठ, दुष्काळ, गिरणी, शनिवार, करडा घोडा. आणि शेवटी: ‘काळाच्या ओघात गावातील काही कुटुंबे अधिक चांगल्या संधींच्या शोधात अन्यत्र गेली.’

मिसेस ग्रॅहमनी चष्मा काढला. “युजीन, वेस्ली कुठली संधी शोधत होता?”

युजीन पुन्हा कागदात बघायला लागला.

“फाटकापर्यंतच गेला होता तो,” त्या म्हणाल्या.

“मिसेस ग्रॅहम, तो सगळा काळच तसा होता,” युजीन म्हणाला. “सगळ्यांनीच सोसलं.”

“सोसलं ना. मग लिहा. मी येते तुमच्या स्टेजवर. तुमच्या शॉवरबद्दल चांगलं बोलते. मला ते वाक्य फक्त बदलून द्या. लिहा, वेस्ली ग्रॅहमला त्याच्या फाटकाशी मारलं आणि गावानं पाहिलं.”

“पण पाहिलं नव्हतं ना कुणी.”

“बरं. मग ‘कुणी पाहिलं नाही’ असं लिहा, आणि खाली तुम्ही सगळे सह्या करा.”

फादर डोलननी क्षमेबद्दल काहीतरी काढलं. युजीन म्हणाला, जुन्या जखमा उकरून काय मिळणार? मी गप्प बसायला हवं होतं, पण मला राहवलं नाही. म्हटलं, “मास्तर, आपल्या बाजूनं लढून मेलेल्या पोरांचा क्रॉस नाक्यावर उभा आहे की. ग्रॅनाइटचा, सोनेरी अक्षरांचा. दर ईस्टरला हार घालता. ती जखम उकरलेली चालते?”

“ते वेगळं आहे, डिम्फ्ना.”

“कसं वेगळं?”

“तू डोनेगॉलची आहेस,” युजीन म्हणाला, आणि विषय संपला.

मिसेस ग्रॅहमनी हातमोजे चढवले, पर्स उचलली, सगळ्यांना शुभ रात्री म्हटलं आणि त्या गेल्या. दुसऱ्या दिवसापासून टार्ट बंद झाले.

पुढची बैठक भरली ती चॅपलच्या मागच्या खोलीत, ‘अनौपचारिक’ म्हणून. प्रश्न असा, की प्रोटेस्टंट आणायचा कुठून? शेजारच्या गावातून आणला तर तो आपल्या लोकांना विचारल्याशिवाय येणार नाही, आणि विचारलं तर येणार नाही. फादर डोलन म्हणाले, धर्म बदलून कुणी मिळेल का ते आपण विचारू नये, ते बरं दिसत नाही. अखेर बार्नीला सुचलं. मश्रूमच्या शेडमध्ये ती बाहेरून आलेली पोरं काम करतात, त्यांच्यात कुणी असेल की. लिथुआनियाची सगळी कॅथलिक निघाली, युजीनच्या कपाळाला आठ्या पडल्या. मग लॅटव्हियाचा आयव्हार्स सापडला.

त्याची मुलाखत माझ्याच दुकानात झाली, मी त्याचे केस कापत असताना. बिचाऱ्याला हलताही येईना. युजीन खुर्ची ओढून समोर बसला.

“मुला, तू कुठल्या चर्चला जातोस?”

“जात नाही,” आयव्हार्स म्हणाला.

“ते असू दे. लहानपणी कुठे नेत होते?”

“आजी लूथरन. बाळ होतो तेव्हा मला पाणी लावलं तिथे.”

युजीनचा चेहरा उजळला. तो माझ्याकडे वळून म्हणाला, “लूथरन, डिम्फ्ना. म्हणजे मुळातले, पहिले प्रोटेस्टंट. आपल्याकडचे तर नंतरचे, मिसळलेले. हा अस्सल माल.”

“पण मी देव मानत नाही,” आयव्हार्स प्रामाणिकपणे म्हणाला.

“ते तुझं आणि देवाचं. आम्हाला फक्त प्रोटेस्टंट हवाय.”

“काय करायचं?”

“स्टेजवर यायचं. आपल्या समाजाबद्दल चार शब्द बोलायचे. सगळे मिळून मिसळून राहतात, एवढंच.”

आठवड्याभरात कोळसा आयव्हार्सच्या दारात जायला लागला. तो बुकीच्या दुकानावरच्या खोलीत राहायचा आणि तिथे शेगडीच नव्हती. पोती जिन्यात पडून राहिली. टार्ट मात्र त्यानं खाल्ले.

गावानं हे सगळं इतक्या सहज केलं की मला लाज वाटली. आधी एका म्हाताऱ्या बाईला देवीसारखं पुजलं आणि मग परकं पोर आणून तिच्या जागी बसवलं, आणि कुणाच्या घशात घास अडकला नाही. घरी येऊन मी हे सगळं माझ्या नवऱ्याला, मॅलकीला, सांगितलं. मॅलकी गॅरेज चालवतो. त्याच्या तोंडून दिवसाला दोन वाक्यं निघाली तर तो दिवस गप्पांचा. त्याचं बालपण इथलंच, मिसेस ग्रॅहमच्या घरासमोरची शाळा त्याची. मी विचारलं, “तुला नाही वाटत की त्यांनी हे लिहून द्यायला हवं होतं?”

“चहा थंड होतोय,” मॅलकी म्हणाला.

पुढच्या शुक्रवारी मिसेस ग्रॅहम ठरल्या वेळी आल्या. रोलर लावून होतात न होतात तोच आयव्हार्स आत आला. टोपी हातात घेऊन दारातच उभा राहिला.

“मिसेस ग्रॅहम, मी तुमच्या वतीनं बोलणार आहे,” तो म्हणाला. “मास्तरांनी सांगितलं, आपल्या समाजाबद्दल बोल. माझ्या समाजात तुम्ही एकट्याच. मला काही माहीत नाही. सांगाल?”

मला वाटलं त्या त्याला हाकलून देतील. त्यांनी त्याला नीट न्याहाळलं. “बस,” म्हणाल्या. “तुला कुणी सांगितलं नाही माझ्या नवऱ्याबद्दल?”

“शेडमध्ये एकानं सांगितलं. कुणी पाहिलं नाही म्हणाला. माझ्या आजोबांना ट्रकमध्ये घालून नेलं होतं, तेव्हाही आमच्या गावात कुणी पाहिलं नव्हतं.”

त्यांनी मांडीवरची पर्स बाजूला ठेवली. मग सांगायला लागल्या, एकेक गोष्ट, सावकाश. मंगळवार होता. संध्याकाळ, अंधार पडलेला. मागचं फाटक. निळी व्हॅन आली, त्यात एक माणूस होता. त्या स्वतः त्या दिवशी एनिस्किलनला गेल्या होत्या, परत आल्या तेव्हा पोलीस दारात होते. वेस्ली जागच्या जागी गेला, त्याला कळलंही नाही, असं डॉक्टर म्हणाले. आयव्हार्सनं ते पाठ म्हणून दाखवलं. त्यांनी एक-दोनदा त्याला थांबवून पुन्हा म्हणायला लावलं. “मंगळवार, संध्याकाळ,” त्या म्हणाल्या. “विसरू नकोस.”

माझ्या मनात आलं, म्हणजे मी समजत होते तसंच झालं होतं, अंधारात आणि मागच्या बाजूला.

तो गेल्यावर मी रोलर काढत म्हटलं, “तुम्ही हे कधी बोलला नव्हतात.”

“कुणी विचारलं नव्हतं.”

“राग येऊ देऊ नका, पण सगळे गेले तेव्हा तुम्ही का नाही गेलात?”

“दार वाजेल म्हणून,” त्या म्हणाल्या. “वाटायचं, कधीतरी कुणीतरी येईल आणि सांगेल, मिसेस ग्रॅहम, मी तिथे होतो, असं असं झालं. तेव्हा मी घरी असायला नको का? आयव्हीकडे गेले असते तर त्याला पत्ता कुठून सापडला असता? नाव नको मला कुणाचं. शिक्षा नको. फक्त पाहिलंय असं म्हणावं.” मग त्यांनी आरशात मानेमागचे केस पाहिले. “इथे थोडं दाबून बसव.”

कार्यक्रमाच्या दिवशी हॉल भरला होता. शॉवरसाठी आमची माणसं पाऊस, ताप, सगळं सोसून येतात. पुढच्या रांगेत किर्स्टी मॅडम, तरुण, भल्या स्वभावाच्या, गळ्यात ओळखपत्र. त्यांच्या बाजूला फादर डोलन. रांगेच्या टोकाला मिसेस ग्रॅहम, डोक्यावर चर्चला जायची टोपी, मांडीवर पर्स. त्यांना बोलावलं नव्हतं, पण अडवणार कोण? मॅलकीला मी मागे चहाच्या पिंपाशी उभं केलं होतं, कप भरायला.

कॅथलिकांतर्फे युजीन बोलला आणि बराच बोलला. मग त्याचाच सूट घातलेला आयव्हार्स स्टेजवर आला. बाह्या मनगटाच्या वर गेल्या होत्या.

“मी आयव्हार्स. मी इथला प्रोटेस्टंट आहे. गेल्या महिन्यापासून.” लोक हसले. किर्स्टी मॅडमही हसल्या, त्यांना तो विनोद वाटला. “मला सांगितलं, आपल्या समाजाबद्दल बोल. माझ्या समाजात मिसेस ग्रॅहम आहेत. आणि मिस्टर ग्रॅहम होते. त्यांना इथे मारलं. ते मी सांगतो.”

युजीन अर्धवट उठला. मॅडमनी हातानं खूण करून त्याला बसवलं.

“एकोणीसशे त्र्याहत्तर,” आयव्हार्स शाळेतल्या पोरासारखा सरळ उभा राहून म्हणाला. “मंगळवारी संध्याकाळी. अंधार होता. मागच्या फाटकाशी.”

हॉलमध्ये खुर्च्या करकरल्या. बार्नी फ्लॅनगन खाकरला. त्यानं खिशात हात घातले, बाहेर काढले, छताकडे पाहिलं. मग त्याला आवरेना.

“सकाळ होती,” तो म्हणाला. “माझे पेपरांचे गठ्ठे अजून सोडायचे होते.”

“आणि मागचं फाटक कसलं?” मागून त्याची वहिनी कॉन्सेप्टा म्हणाली. “मागच्याला कुलूप असायचं. पुढचं.”

“मंगळवार नाहीच,” बार्नी आता पुरता वळून सगळ्यांना सांगायला लागला. “शुक्रवार. मासळीची गाडी उभी होती माझ्या दुकानापुढे.”

“आभारी आहे,” आयव्हार्स म्हणाला. “शुक्रवार, सकाळ, पुढचं फाटक. निळी व्हॅन आली.”

“लाल मोटार,” तीन-चार आवाज एकदम.

“मरून रंगाची,” कॉन्सेप्टा म्हणाली.

“लाल होती बाई. मरून ती डॉक्टरची.”

“मला सांगतोस? मी खिडकी पुसत होते. पाच हातांवर उभी होती.”

मरून आणि लाल यांच्यात हॉलचे दोन तट पडले. इतका जोर गिरणीच्या वेळीही नव्हता. कुणीतरी नंबरप्लेट सीमेपलीकडची, आयर्लंडची होती म्हणालं, कुणीतरी छे म्हणालं. मी मिसेस ग्रॅहमकडे पाहिलं. त्या समोर बघत ताठ बसल्या होत्या आणि प्रत्येक दुरुस्तीला हलकेच मान हलवत होत्या, उत्तरं आधीच माहीत असलेल्या बाईसारख्या. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. त्या पोराला त्यांनी मुद्दाम चुकीचं शिकवलं होतं. एवढी वर्षं वाट बघून जे मिळालं नव्हतं, ते त्या चुका करून मिळवत होत्या.

“त्यात एक माणूस होता,” आयव्हार्स म्हणाला.

“दोन,” युजीन उठून म्हणाला.

म्हटल्यावर त्यालाच ते ऐकू आलं. युजीन त्या सकाळी शाळेच्या दारात उभा असणार, रोज असायचा, पोरं मोजून आत घ्यायला. त्याचा चेहरा राखेसारखा झाला आणि तो खाली बसला.

“दोन माणसं,” आयव्हार्स म्हणाला. त्याला वाटलं, लोक मदत करतायत. “मिस्टर ग्रॅहम जागच्या जागी गेले. त्यांना काही कळलं नाही.”

मला वाटलं, संपलं. मी कप भरायला सांगावं म्हणून मागे वळले, तर मॅलकी पिंपाशी नुसता उभा होता. नळ चालू होता, कप भरून चहा त्याच्या बुटांवर वाहत होता.

“नाही,” तो म्हणाला.

मिसेस ग्रॅहमची मान हलली नाही. ही चूक त्यांनी मुद्दाम केलेली नव्हती. त्या खुर्चीत सबंध वळल्या. “काय नाही, मॅलकी?”

“लगेच नाही गेले ते.”

“मला डॉक्टर म्हणाले होते.”

“डॉक्टर नंतर आले, मिसेस ग्रॅहम.”

“किती वेळ होता?”

मॅलकीनं नळ बंद केला. “मासळीवाल्यानं गाडी आवरून नेली. रस्त्यातली दारं लागली. मग शाळेची घंटा झाली. तोपर्यंत होते.”

वीस वर्षं मी या माणसाशेजारी झोपले. त्याला सांध्यात कुठे दुखतं ते मला माहीत आहे, आईच्या कबरीवर तो काय पुटपुटतो ते माहीत आहे. हे माहीत नव्हतं. मला त्याचा राग आला आणि कीव आली, दोन्ही एकदम.

“काही बोलला का तो?” मिसेस ग्रॅहमनी विचारलं. आवाज अगदी साधा होता, दुकानात भाव विचारावा तसा.

“तुम्हाला हाक मारत होते.”

“मी घरी नव्हते. त्याला ठाऊक होतं, मी एनिस्किलनला आहे.”

“ठाऊक असेल. तरी मारत होते.”

“जवळ कोण होतं?”

मॅलकीनं हॉलभर नजर फिरवली. बार्नीवर थांबला, कॉन्सेप्टावर थांबला, युजीनवर थांबला. जो तो आपापल्या बुटांकडे बघत होता. मग तोही बघायला लागला.

“कुणी नाही,” तो म्हणाला. “आम्ही सगळे पलीकडे होतो.”

किर्स्टी मॅडमनी फादर डोलनना हळूच विचारलं, हे कार्यक्रमात आहे का? मिसेस ग्रॅहमनी पर्स उघडली, रुमाल काढला, तो वापरला नाही, परत आत ठेवला. मग त्या पुढे वळल्या आणि स्टेजवरच्या पोराला म्हणाल्या,

“बोल पुढे, बाळा. अजून काही चुकत असेल तर हे सांगतील तुला.”

पण आयव्हार्सला पुढचं काही येत नव्हतं. त्यांनी त्याला एवढंच शिकवलं होतं.